लाल टिकेची भीती आणि खरा सरकारी कागद

‘उद्यापासून संवादाचे नवीन नियम लागू’ हा मेसेज आता इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकूंपर्यंत पोचला. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलेले तुंबलेल्या ड्रेनेजचे फोटो घाबरून सगळ्यांसाठी डिलीट करून टाकले. हा ‘उद्या’ कित्येक वर्षं चालू आहे. केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या फॅक्ट चेकने मेसेज खोटा असल्याचं वारंवार सांगितलंय, तरी तो दर काही महिन्यांनी परत येतो आणि दरवेळी कुणीतरी गप्प बसतं.

मेसेजात काय आहे ते थोडक्यात: सगळे कॉल रेकॉर्ड होणार. व्हॉट्सॲप, फेसबुक, ट्विटरवर नजर राहणार. तुमचा फोन मंत्रालयाच्या सिस्टिमला जोडला जाणार. दोन निळ्या आणि एक लाल टिक आली तर सरकार कारवाई करू शकतं, तीन लाल आल्या तर कोर्टाचं समन्स निघालं म्हणून समजा. सरकारविरुद्ध काही टाकलं तर वॉरंटशिवाय अटक, आणि सोबत ग्रुपचा ॲडमिनही आत.

आधी टिका. व्हॉट्सॲपवर लाल टिक नाही, कधी नव्हती. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधून निघाला, दोन करड्या म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला गेला. ग्रुपमध्ये दुसरी टिक सगळ्या सदस्यांना मेसेज पोचल्यावरच येते. दीडशे जणांच्या ग्रुपात एकाचा फोन बंद असला तरी टिक एकच राहते, आणि ती अडकलेली टिक बघून लोक ‘वरून अडवलंय’ असा अर्थ काढतात. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतात. खात्री करायची असेल तर चॅट उघडा, वर नावावर टॅप करा, खाली ‘एन्क्रिप्शन’ दिसेल. तिथे क्यूआर कोड आणि ६० आकडे येतात. समोरच्याच्या फोनवर तेच ६० आकडे असतील तर मध्ये कुणी बसलेलं नाही.

मग पोलिसांच्या हाती चॅट लागतात त्या कुठून? बहुतेक वेळा दोनांपैकी एका फोनातून: फोन जप्त होतो, किंवा ग्रुपमधलाच कुणी स्क्रीनशॉट नेऊन देतो. क्लाउडवरच्या बॅकअपला वेगळं कुलूप लावावं लागतं. ती सोय २०२१ मध्ये आली आणि ती आपण स्वतः चालू करायची असते. कुणी तुमचा मेसेज ‘रिपोर्ट’ केला तर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. कोण कुणाशी केव्हा बोललं याची काही माहिती कंपनीकडे असते आणि कायदेशीर मागणी आली तर ती दिलीही जाते. नजर ठेवण्याच्या खऱ्या वाटा या आहेत. त्यांत टिकांचा काही संबंध नाही.

कॉल रेकॉर्डिंगचा दावा लवकर आटपू. फोन ऐकता येतो, पण त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी, सकारण आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवला तरी १८० दिवसांच्या पुढे जात नाही. निकडीच्या वेळी इतर वरिष्ठ अधिकारी आदेश काढू शकतो, पण तो नंतर मंजूर करून घ्यावा लागतो. देशातल्या सगळ्यांचे सगळे कॉल साठवण्याचा असा कुठलाही नियम नाही.

‘सोशल मीडियावर सरकारची नजर राहणार’ यावर मात्र थांबायला हवं. इथे अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धं बरंच मोठं आहे. सरकार पोस्ट काढायला लावतं, अकाउंट बंद करायला लावतं, पण त्याचा आदेश कंपनीला जातो, तुमच्या फोनला नाही. त्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ए. त्याची कारणं कायद्यात मोजून दिलीत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. ‘सरकारवर टीका’ या यादीत नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे विनंती खात्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्यामार्फत जाते. विधी, गृह, माहिती-प्रसारण या खात्यांचे आणि सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे प्रतिनिधी असलेली समिती ती तपासते. कंपनीला किंवा पोस्ट टाकणाऱ्याला उत्तरासाठी किमान ४८ तास द्यायचे असतात. तातडीच्या प्रकरणात आधी बंद करतात आणि ४८ तासांत प्रकरण समितीपुढे ठेवतात.

दुसरा रस्ता याच कायद्याचं कलम ७९(३)(बी). यात सरकार कंपनीला कळवतं की अमुक मजकूर बेकायदेशीर आहे. कंपनीने तो ठेवला तर लोकांच्या पोस्टबद्दल तिला मिळणारं कायद्याचं संरक्षण धोक्यात येतं. २०२१ च्या नियमांत यासाठी ३६ तासांची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ पासून अशा नोटिसा पाठवण्यासाठी गृह मंत्रालयाचं ‘सहयोग’ पोर्टल आहे. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती हरली. खोटा मेसेज पसरवणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नसतं, आणि खरी काळजी करण्यासारखं इथेच आहे. पहिल्या रस्त्याच्या, म्हणजे २००९ च्या नियमांतला सोळावा नियम विनंत्या आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. त्यामुळे ज्याची पोस्ट गेली त्याला पुष्कळदा कारण कळतच नाही. एक्सवर ‘भारतात रोखले आहे’ एवढी ओळ दिसते. आदेशाची प्रत मागून सहसा मिळत नाही आणि प्रत नसली की आव्हान देणं अवघड होतं. आपण लाल टिक शोधत बसतो आणि ज्यावर आवाज उठवायला हवा तो नियम कुणाला ठाऊक नसतो.

आता सगळ्यात घातक दावा, वॉरंटशिवाय अटक. लोकांची तोंडं बंद होतात ती याच ओळीने. इथे एकच निकाल लक्षात ठेवला तरी पुरे: श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार, २४ मार्च २०१५. त्याआधी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ए होतं, ‘त्रासदायक’ मेसेजसाठी तीन वर्षांपर्यंत कैद. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरची पोस्ट आणि तिचं लाइक यावरून अटक झाली होती, ती लोकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पूर्ण रद्द केलं. याच निकालाने ६९ए कायम ठेवलं आणि कोर्टाचा आदेश किंवा सरकारची सूचना असल्याशिवाय कंपनीवर मजकूर काढायची जबाबदारी येत नाही, असंही सांगितलं. रद्द झाल्यावरही कितीतरी ठाण्यांत ६६ए लावलं जात होतं. २०२२ मध्ये न्यायालयाला परत बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. तेव्हा नोटिशीत कुणी ६६ए लिहिलेलं दिसलं तर वकिलाला पहिल्यांदा तेच दाखवा.

नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. दोन समाजांत वैर पसरवणारी पोस्ट आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली दखलपात्र गुन्हा आहे, आणि दखलपात्र गुन्ह्यात वॉरंट लागत नाही. सणासुदीला, निवडणुकीत मनाईहुकूमही निघतात. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलिस आयुक्त पद्धत असल्याने आपल्याकडे ते आयुक्तांच्या सहीने निघतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. असा हुकूम दोन महिने चालतो, राज्य सरकारने वाढवला तरच पुढे. भडकाऊ पोस्ट, ती फॉरवर्ड करणं, हे त्यात येऊ शकतं. तुंबलेलं ड्रेनेज, खड्डा, न आलेलं नळाचं पाणी यांचा फोटो टाकणं यांतल्या कशातच बसत नाही.

ॲडमिनचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही. त्याचा तसा पूर्वनियोजित, सामायिक हेतू दिसला पाहिजे. ॲडमिनला मजकूर आधी तपासता येत नाही, हे न्यायालयाने लक्षात घेतलं होतं.

पोस्ट खरोखरच गेली तर काय करायचं? कंपनीची सूचना आली त्या क्षणी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या आणि पोस्टची लिंक लिहून ठेवा, नंतर ती सापडत नाही. मग ॲपमधूनच अपील करा आणि कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याचा पत्ता कंपनीने जाहीर करणं बंधनकारक आहे. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ती सोय १ मार्च २०२३ पासून आहे. सरकारी आदेशामुळेच पोस्ट गेली असेल तर शेवटी रिट याचिका, आणि त्यासाठी उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्या इंदूरमध्येच आहे. बहुतेकांचं चुकतं ते पहिल्याच पायरीवर: रागाच्या भरात अकाउंट उडवतात आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो.

काकूंचे फोटो त्यांच्या गॅलरीत अजून आहेत. ते ग्रुपवर परत टाकावेत, महापालिकेच्या इंदूर ३११ ॲपवर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा नंबर फोटोखाली लिहावा, म्हणजे गल्लीतल्या बाकीच्यांनाही तोच नंबर धरून मागे लागता येईल.