'मी करेल' म्हणणाऱ्या मुलांबद्दल

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. भाषा ही गुंतागुंतीची व्यवस्था आहे आणि तिची शिस्त कुणी वरून आखून दिलेली नसते, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हे हात झटकणं आहे: शाळेत व्याकरण शिकवत नाहीत, म्हणून ठाण्यातली मुलं 'मी करेन'ऐवजी सर्रास 'मी करेल' म्हणतात, त्यांना मराठी येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरात तीनेक वर्षांचं मूल असेल, तर 'मी करलं' हे तुम्ही ऐकलं असेल. मोठी माणसं तसं बोलत नाहीत, म्हणजे ते ऐकून उचललेलं नाही. बसलं, पडलं, उठलं यांवरून त्याने नियम स्वतःच काढला आणि 'कर'ला लावला. पुढे 'केलं' इतकं कानावर पडतं की 'करलं' आपोआप गळतं. गेलं, आलं, केलं ही आडवळणी रूपं टिकली आहेत ती उठताबसता लागणाऱ्या धातूंची. क्वचित लागणारे धातू बहुतेक सरळ नियमाने चालतात. ही विभागणी कुठल्या समितीने केली?

यापेक्षा ठळक उदाहरण निकाराग्वाचं. मानाग्वा शहरात 1977 पासून कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येने एका शाळेत आली. शिक्षकांचा भर ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्यावर होता. मुलांनी मात्र आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या. 'घरंगळत खाली गेला' हे आधीची मुलं बहुधा हाताच्या एकाच हालचालीत दाखवत. मागून आलेली लहान मुलं 'घरंगळणं' आणि 'खाली जाणं' अशा दोन सुट्या खुणा एकापुढे एक करू लागली. सुट्या झाल्या म्हणून त्या दुसऱ्या वाक्यांतही वापरता येऊ लागल्या. आज ती स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, आणि तिची सुरुवात मुलांनीच केली.

ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या रांगा न सांगता लागतात, तशातलंच हे. प्रत्येकजण फक्त पुढच्याकडे बघून चालतो.

आता 'करेल'. 'मी' म्हटल्यावर कोण करणार हे कळलेलंच असतं. 'मी करणार, तो करणार' यात आपण फरक करत नाही. 'मी केलं, त्याने केलं' यातही नाही. मग 'करेन' आणि 'करेल' यांतला फरकही ढिला पडतो, तो आळसामुळे नव्हे.

म्हणून नियम फुकट, असं मी म्हणत नाही. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी 'नाहीं', 'कांहीं' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार काढले आणि ते रुजलं, कारण उच्चारातून ते आधीच गेले होते आणि पाठ्यपुस्तकं हाताशी होती. तुम्ही मुलाला टोकता, तेही भाषा घडवणाऱ्या असंख्य धक्क्यांपैकीच एक.

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात गावठाणातलं आगरी मूल, साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कामगाराचं मूल आणि आमच्यासारख्या सोसायटीतलं मूल एकाच मैदानात खेळतात. 'पाणी', 'पानी' दोन्ही ऐकू येतं, खेळ कुठे अडत नाही. त्यातून पुढे कुठली मराठी निघेल, ते त्यांच्या बोलण्यातूनच ठरेल.

मी स्वतः 'करेन'च म्हणतो, घरीही तेच सांगतो. पण 'करेल' म्हणणाऱ्याला मराठी येत नाही, हे तुमचं वाक्य मला मान्य नाही.