लेझरच्या मधल्या काळात वॅक्सिंग? नको!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : 'केस काढायच्या लेझरच्या दोन सिटिंगच्या मध्ये वॅक्सिंग करा, केस लवकर संपतात.' हे साफ चूक आहे. केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला काळा रंग देणारं द्रव्य, लेझरचा प्रकाश शोषून घेतं आणि त्या उष्णतेने मूळ निकामी होतं. वॅक्स, थ्रेडिंग किंवा चिमट्याने केस मुळासकट उपटलात, तर प्रकाश शोषायला काही उरतच नाही. फी मात्र पूर्ण जाते. रेझर खुशाल वापरा. त्याने केस राठ होतात ही जुनी भाकडकथा.

सिटिंगनंतर १ ते ३ आठवडे केस डोकावतात, ते बहुतेक गळणारेच असतात. घासू नका.

आणि ऊन! स्कूटरवर तोंडाला स्कार्फ असतो, हात उघडेच. तिथे किमान एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन लावा. काळवंडलेली त्वचा लेझरने भाजू शकते.