विकायला सगळे पुढे, परत घ्यायला कोणी नाही

घरात एक जुना डबडा मॉनिटर, एक बंद सीपीयू आणि वायरींचा गुंता पडून आहे. त्याची नीट विल्हेवाट लागावी, एवढंच हवंय मला. पैसे नकोत, डिस्काउंट नको. तर कंपनीच्या कस्टमर केअरवर आधी तासभर संगीत ऐका, मग तक्रार नंबर लिहून घ्या आणि शेवटी उत्तर काय, तर 'सर, तुमच्या एरियात पिकअप नाही.' अहो, कोथरूडमध्ये राहतो मी! नवा लॅपटॉप मागवला की दुसऱ्या दिवशी दारात हजर होतो, तेव्हा बरा सापडतो तुम्हाला आमचा एरिया! एक्स्चेंजवाले म्हणतात, चालू असेल तरच घेऊ. बंद पडलाय म्हणूनच तर द्यायचाय ना?

संताप याचा येतो की कायदा आहे. २०१६च्या ई-कचरा नियमांत जुना माल गोळा करायची व्यवस्था उभारणं कंपन्यांवर होतं. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले आणि आता कंपनीने नोंदणीकृत रिसायकलरकडून ई-कचरा रिसायकल केल्याची प्रमाणपत्रं विकत घेतली की तिचं वर्षाचं रिसायकलिंगचं टार्गेट पूर्ण. कागद चोख. माझा मॉनिटर माळ्यावर तो माळ्यावरच.

मग माणूस वैतागून भंगारवाल्याला हाक मारतो. तो बिचारा लगेच येतो, काटा लावतो, रोख पैसे देतो. त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. पण पुढे काय होतं? तांब्यासाठी वायरी जाळतात, प्लास्टिकच्या त्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखं विष असतं. सर्किट बोर्डातलं चिमूटभर सोनं काढायला ते अ‍ॅसिडमध्ये बुडवतात आणि उरलेलं पाणी गटारात. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, ती हातोड्याने फोडतात. हातात मोजे नाहीत, तोंडावर फडकं नाही. नफा कंपनीचा आणि फुप्फुसं कुणाची जाळायची, तर पोटासाठी भंगार फोडणाऱ्या पोराची! हे कुठल्या न्यायात बसतं?

आणि हार्ड डिस्क? त्यात पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट्स. फाइल डिलीट केली म्हणून ती पुसली जात नाही. ती डिस्क कुणाच्या हातात देऊ?

सोसायटीत कधीमधी ई-कचरा गोळा करायची मोहीम होते, नाही असं नाही. चांगली माणसं रविवार घालवून राबतात. पण कंपन्यांचं काम स्वयंसेवकांनी का उपसायचं?

युरोपात ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांना मोबाइलसारख्या छोट्या वस्तू फुकट परत घ्याव्याच लागतात, नवीन काही खरेदी केलं नाही तरी. आपल्याकडे मॉलमधल्या शोरूममध्ये सेल्फी स्टँडला जागा आहे, जुन्या मोबाइलच्या पेटीला नाही. जो विकतो त्याने परत घ्यायचं, आणि बिलावरच छापायचं की बिघडल्यावर कुठे आणून द्यायचं. ज्या काउंटरवर पैसे घेता, त्याच काउंटरवर.