नाना, ते विमान वाऱ्यानं पाडलेलं नाही

आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर नानांनी टाकलेला व्हिडिओ आता धुळे-जळगावात घरोघरी फिरतोय. चार आसनांचं, सेस्ना 172 सारखं छोटं विमान तिरकं तिरकं येतं, धावपट्टीवर आपटून उडी मारतं, आणखी दोनदा आपटतं, पुढचं चाक मोडतं आणि नाक घासत गवतात जाऊन थांबतं. पायलट स्वतःच दार उघडून बाहेर येतो. खालचा मजकूर असा: "आपल्या गोंदूरच्या धावपट्टीवर वाऱ्याने विमान पाडले. पायलट शिकाऊ, सरळ आणताच येत नव्हते. पहिल्या उडीलाच ब्रेक मारला असता तर वाचले असते. मोठी विमाने वाऱ्याला भीत नाहीत, ही खेळणी बंद करा."

गोंदूरचं, म्हणजे आपल्या धुळ्याच्या विमानतळाचं, लगेच मिटवतो. विमानाच्या अंगावरची नोंदणी 'एन'नं सुरू होते, म्हणजे ते अमेरिकेचं. आपल्याकडच्या विमानांवर 'व्हीटी' असतं. व्हिडिओ थांबवून बघितला असता तरी कळलं असतं.

"सरळ आणताच येत नव्हते." अहो, तिरकंच आणायचं असतं! तापीला पाणी असताना नावाडी समोरच्या घाटाकडे नाक धरून नाव हाकत नाही. धारेच्या वरच्या अंगाला तोंड करतो, तेव्हा कुठे ती घाटाला लागते. बाजूचा वारा असला की विमानाचंही तेच. टेकायच्या क्षणी पायानं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक सरळ करायचं, वाऱ्याकडचा पंख जरा खाली ठेवायचा, त्या बाजूचं चाक आधी टेकवायचं. व्हिडिओतला हा भाग त्या माणसानं बरा केलाय, आणि लोक हसतायत नेमके त्यालाच.

आता "वाऱ्याने पाडले". साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरवणारा एकसारखा वारा समोरून आला तर विमानावर उपकारच करतो. जमिनीवरचा वेग तेवढा कमी होतो. बाजूच्या वाऱ्याचाही हिशेब असतो. 20 नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे 37 किलोमीटरचा, वारा धावपट्टीशी 30 अंशांत असेल तर बाजूचा जोर 10 नॉटच. काटकोनात असेल तर पूर्ण 20. सेस्ना 172 च्या पुस्तिकेत बाजूच्या वाऱ्याचा 15 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटर, हा आकडा आहे. तोही चाचणीत करून दाखवलेला, कायद्याची मर्यादा नव्हे.

खरा त्रास झोताचा. हायवेवर मोटारसायकलनं ट्रकच्या आडून पुढे निघालात की वारा एकदम अंगावर येतो, तसा. विमान 65 नॉटनं उतरतंय आणि समोरचा वारा अचानक 10 नॉटनं पडला, तर पंखांवरचा वेग 55 होतो. उचल, म्हणजे विमानाला हवेत धरणारा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे क्षणात 28 टक्के उचल गेली. उलट 10 नॉट वाढले तर 33 टक्के जास्त, आणि टेकलेलं विमान पुन्हा वर. म्हणून पायलट झोतांतल्या फरकाच्या निम्मा वेग मुद्दाम वाढवून येतात: वारा 15, झोत 25, तर 5 नॉट जादा.

म्हणजे पहिली उडी वाऱ्याच्या खात्यावर टाका, माझी हरकत नाही. चाक मोडलं ते तिसऱ्या आदळण्यात, आणि तिथे वाऱ्याचा हात थोडाच.

ब्रेकचा सल्ला तर घातकच. चाकं हवेत असताना ब्रेक दाबून थांबणार काय? उडी बसली की हात आपोआप नाक वर-खाली करणारा दांडा पुढे ढकलतो, नाक खाली जातं आणि नाकाचं चाक आधी आपटतं. भार घ्यायला मागची दोन चाकं असतात, पुढचं नाजूक. ते उसळी देतं, दुसरी उडी मोठी होते, तिसरी त्याहून. छोटी उडी असेल तर नाक धरून ठेवायचं आणि विमानाला आपोआप बसू द्यायचं. मोठी असेल तर इंजिनाला पूर्ण ताकद देऊन वर जायचं, फेरा मारून पुन्हा यायचं.

फोनवर नानांनी विचारलं, "मंग तो परत वर कसाले गया नही?" कारण धावपट्टी समोर पसरलेली दिसत असते, नाना. उतरायचं मनानं ठरवून टाकलेलं असतं, आणि ठरवलेलं मोडायला दोन सेकंदही मिळत नाहीत.

राहिली मोठी विमानं. एअरबस ए320 लाही बाजूच्या वाऱ्याचा झोतांसह 38 नॉटचा आकडा आहे. पावसाळ्यात मुंबईला उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं, असं सांगणारा एखादा पाहुणा तुमच्याकडेही आला असेल. तेव्हा विमानात बसलेले सगळे घाबरले होते. पायलटनं मात्र ठरलेलंच काम केलं होतं.