पंखा फिरतोय की नाही, ते आधी बघा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घरचा कॉम्प्युटर अचानक सुरू होईनासा झाला तर काय तपासावं, या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. मी वीज आणि एसएमपीएसपासून (कॅबिनेटमधला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) सुरुवात करायला सांगितली; पण तुमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या मुलाने रॅम (मेमरीची पट्टी) काढून खोडरबराने घासली आणि मशीन चालू झालं, म्हणजे लेखातला क्रम उलटा. दुसरं, तुमच्या भावाच्या मशीनवर कागदाच्या क्लिपने दोन तारा जोडून एसएमपीएस तपासला, पंखा फिरला, तरी शेवटी एसएमपीएसच बदलावा लागला, म्हणजे ती चाचणी निरुपयोगी.

तुम्हीच लिहिलंय की बटण दाबल्यावर तुमचा पंखा फिरत होता, फक्त स्क्रीन काळी होती. पंखा फिरला म्हणजे वीज आत पोचली, बटण चाललं आणि मदरबोर्डाच्या इशाऱ्यावर एसएमपीएस सुरू झाला. तिथून पुढे रॅमवर संशय घेणं बरोबरच. लेखातला क्रम होता तो दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही अशा मशीनसाठी. बहुतेक बोर्डांवर रॅम पूर्ण काढून ठेवली तरी पंखा फिरतो. तेव्हा पंखाच फिरत नसेल तर रॅम घासून हाती काही लागणार नाही.

अशा मशीनमध्ये पहिला संशय यूपीएसवर घ्या. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर संपते, आणि बॅटरी मेली की काही यूपीएस लाईट असतानाही सुरू होत नाहीत. म्हणून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, तेही त्या सॉकेटवर टेबलफॅन चालवून बघितल्यावर. तरी काही नाही, तर वायर काढून पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा आणि पुन्हा जोडा. मग कॅबिनेटच्या बटणाच्या दोन बारीक तारा बोर्डावरून काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर बिघाड फक्त बटणात आहे. एवढ्याशा बटणापायी चांगला बोर्ड बदलायला सांगितला जातो, ते थांबावं म्हणून हे लिहिलं होतं.

आता खोडरबर. गुण आला तो बहुधा रॅम काढून पुन्हा नीट बसवण्याचा. रॅमच्या पट्टीवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, दर वेळी घासलात तर तो झिजतो, आणि रबराचा भुगा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड वापरा. तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहता, शेजारी यंत्रमाग आहेत. टॉवेल आणि चादरींच्या सुताचे तंतू पंख्यावर आणि एसएमपीएसच्या जाळीवर बसतात, धुळीशी मिळून त्यांचा थर होतो आणि हवा अडते. तो थर काढला नाही तर आतली उष्णता वाढतच राहील. ब्लोअर मारताना मात्र पंखा बोटाने धरून ठेवा.

भावाच्या मशीनबद्दल. हिरवी तार काळीला जोडली की एसएमपीएस सुरू होतो का, एवढंच क्लिप सांगते. त्या वेळी त्याच्यावर भार जवळपास नसतो. आतले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्ट स्थिर ठेवणारे भाग) म्हातारे झाले की रिकाम्या एसएमपीएसचे व्होल्ट ठीक दिसतात, पण प्रोसेसर वीज ओढायला लागला की पडतात. कपॅसिटरचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. बाहेर पारा ४० च्या वर असताना बंद कॅबिनेटमध्ये काय होत असेल ते बघा. लाईट गेल्यावर यूपीएस चालू राहतो पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, ही अशा थकलेल्या एसएमपीएसची एक खूण आहे.

म्हणून क्लिपवर न थांबता मशीन जोडलेलं असतानाच मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी सुई काळ्या तारेवर, लाल सुई एसएमपीएसमधून बोर्डाला जाणाऱ्या २४ पिनांच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने आत. बटण न दाबता जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट हवेत. नसतील तर कनेक्टर बोर्डातून काढून पुन्हा मोजा: आता आले तर बोर्ड शॉर्ट, तरीही नाहीत तर एसएमपीएस गेला. मशीन सुरू करून पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ यायला हवेत. राखाडी तारही बघा. सगळे व्होल्ट स्थिर झाल्यावर तिच्यावर सुमारे ५ व्होल्ट येतात. ते आले नाहीत तर बोर्ड प्रोसेसरला सुरूच होऊ देत नाही, आणि पंखा फिरूनही स्क्रीन काळी राहते. सगळ्या तारा काळ्या असतील तर पिनांचा नकाशा समोर ठेवूनच हात घाला. व्होल्टमधली बारीक थरथर साध्या मल्टिमीटरला दिसत नाही, त्यामुळे आकडे बरोबर येऊनही शंका राहिली तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच उपाय. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

तुमच्याकडे पुन्हा काळी स्क्रीन आली तर आधी मॉनिटरची केबल बघा: ग्राफिक्स कार्ड असेल तर ती त्यालाच लागते, बोर्डाला नाही. मग प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर घट्ट करा. त्यानंतर रॅमची एकच पट्टी, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत. रॅम डीडीआर५ या नव्या प्रकारची असेल तर पट्टी बदलल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, तेवढ्यात बंद करू नका. आणि भावाचा जुना एसएमपीएस घरात ठेवला असेल तर तो दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावू नका.