जनताचे काटे आणि 'अस्सल' हा शब्द: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

बाबांच्या एचएमटी 'जनता' घड्याळाला योग्य डायल आणि काटे कसे मिळाले, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. सत्तरी ओलांडलेल्या आणि आजही एचएमटी हातावर बांधणाऱ्या माणसाला इतका राग आला, तर त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. घड्याळाने वेळ दाखवली की झालं, काटे हुबेहूब हवेत हा हट्ट कशाला? डायल एकाचा, काटे दुसऱ्याचे, मग मूळ घड्याळ उरलं कुठे? आणि असे भाग कसे ओळखायचे हे लिहून मी बनावट घड्याळं विकणाऱ्यांची शिकवणी घेतोय.

शिकवणीचा आरोप लागला, म्हणून तोच आधी घेतो. मी या नादाला लागलो ते फसवणुकीमुळेच. बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. त्यांची देवनागरी अक्षरांची जनता मी सर्व्हिसिंगला दिली आणि ती चकचकीत होऊन परत आली. मला वाटलं, डायल साफ केला असेल. घरी आल्यावर चारच्या आकड्याजवळचा बारीक तपकिरी ठिपका दिसेना. तो ठिपका मी लहानपणापासून बघत आलोय. आयग्लास (घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग) लावून पाहिलं तर 'जनता'वरची शिरोरेषा न आणि ता यांच्यामध्ये तुटली होती आणि अक्षरांच्या कडा टीपकागदावर शाई फुटावी तशा फुटल्या होत्या. कारखान्यातल्या डायलवर शाईचा किंचित उठाव असतो, कड धारदार असते. हा डायल पुन्हा रंगवलेला होता. मूळ डायल कुठे गेला, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

मला हे ओळखता आलं नसतं तर ती लबाडी खपून गेली असती. कोऱ्या पत्र्यावर कंपनीचं नाव छापणाऱ्याला माझ्या लेखाची गरज नाही, त्याचा धंदा आधीच चालू आहे. खोटा ट्रेडमार्क लावणं 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याने गुन्हा आहे, तरीही असे डायल राजरोस विकले जातात. माहितीची गरज आहे ती पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चादरीपुढे उकिडवं बसून घड्याळ निवडणाऱ्या माणसाला. कंपनीने कधी काढलेच नाहीत असे भडक रंग, वाकडी मिनिटांची पट्टी, डायलचे मागचे, मशीनमध्ये बसणारे पाय कापून गोंदाने चिकटवलेला पत्रा, एवढं त्याला कळलं तरी त्याचे पैसे वाचतात.

भाग मिळतात कुठून, हेही तुम्ही विचारलंय. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात एचएमटीची घड्याळं सुरू झाली, आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आता आपल्यासारख्यांना आधार म्हणजे पेठेतल्या जुन्या कारागिरांच्या पत्र्याच्या डब्या आणि मेलेली घड्याळं. मी स्पेअरसाठी एक बंद पडलेली जनता घेतली. मशीन गंजून गेलं होतं, पण डायल आणि काटे कारखान्यातलेच होते. बुधवार पेठेत जिन्याखाली बसणाऱ्या एका कारागिराने ते बसवले. त्यांनी चिमट्याने मिनिटकाटा पकडून डायलवर नुसता धरला आणि म्हणाले, "पट्टीला टेकतोय बघा." काट्याचं टोक मिनिटांच्या रेघांवर बरोब्बर आलं होतं. आधीचा काटा केसभर आखूड होता. त्यामुळे नऊ वाजून सतरा की अठरा, हे नजरेने ठरवावं लागे.

म्हणून 'वेळ तर तीच दिसते ना' हे मला पटत नाही. त्याच 17 ज्वेलच्या चावीच्या मशीनवर कंपनीने कितीतरी मॉडेलं काढली, त्यामुळे एकाचा काटा दुसऱ्याच्या दांड्यावर चढतो. पण छिद्र जुळलं तरी लांबी, काट्याच्या छिद्राभोवतीच्या नळीची उंची आणि टोकाचा बाक जुळेलच असं नाही. मध्यावरच्या सेकंदकाट्याच्या घड्याळात डायल आणि काच यांच्यामधल्या तेवढ्याशा जागेत तीन काटे एकावर एक फिरतात, जरा चुकलं की ते घासतात.

मूळ घड्याळ उरलं कुठे, या तुमच्या प्रश्नापुढे मात्र मी हरलो. लेखात मी 'घड्याळ आता पुन्हा अस्सल झालं' असं लिहिलं होतं. तो शब्द चुकीचा होता. घड्याळाचं बाहेरचं कवच, मशीन आणि पाठीवरचं झाकण बाबांचं आहे. डायल आणि काटे त्याच कारखान्यातले, पण परक्या हातावरचे. लेखात आज तशी दुरुस्ती केली आहे. घड्याळाच्या डबीत चिठ्ठीही ठेवली आहे: काय बदललं, कधी, कुठून आणलं. तो रंगवलेला डायलही डबीतच आहे. उद्या माझ्या मुलीला घड्याळ विकावंसं वाटलं, तर घेणाऱ्याला ती चिठ्ठी आधी दाखवायची, हे तिला सांगून ठेवलंय. योग्य भाग लावणं आणि ते लपवणं यातली रेघ तुम्ही म्हणता तिथेच आहे, आणि ती मी लेखात ओढायला हवी होती.

आणखी एक, कारण खाली दुसऱ्या एका वाचकाने विचारलंय. खूप जुन्या स्विस घड्याळाच्या काट्यांवरचा अंधारात चमकण्यासाठी लावलेला पिवळट थर खरवडून नवा लावू नका. आपण चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला रेडियम म्हणतो, पण त्या काट्यांवर खरंच रेडियम असू शकतं. त्याची पूड श्वासात जाणं घातक आहे. असे काटे आहेत तसेच राहू द्या.

आता तुमच्या घड्याळाविषयी. तुम्ही सहज लिहून गेलात की पाच-सहा वर्षांपूर्वी तासकाटा बदलला, आणि तेव्हापासून ते 'म्हातारं झाल्यामुळे' मधूनच थांबतं, टिचकी मारली की चालतं. थांबतं तेव्हा बहुतेकदा काटे एकावर एक आलेले असतात, असंही लिहिलंय. काका, हे म्हातारपण नसावं. मिनिटकाटा दर साधारण 65 मिनिटांनी तासकाट्यावरून जातो. नवा तासकाटा जरा उंच बसला असेल किंवा त्याचं टोक वर उचललेलं असेल, तर तिथे दोघं घासतात. चावी भरलेली असताना ते कसंबसं पार होतं, स्प्रिंग उतरली की अडतं. आज रात्री चावी न देता ठेवा, आणि उद्या नेमकं किती वाजता थांबतं ते दोन-तीनदा टिपून घ्या. 1.05, 2.11, 3.16 अशा वेळा आल्या, तर दोष काट्यांचाच धरायचा.

तोवर टिचकी मारू नका. माझ्याकडे जनताचा आणखी एक तासकाटा शिल्लक आहे. रविवारी सकाळी मी बुधवार पेठेतल्या त्या कारागिरांकडे जाणार आहे. घड्याळ घेऊन या, पट्टा काढायची गरज नाही. तुमचा जुना काटा कागदाच्या पुडीत बांधून तुमच्याच हातात देईन.