अ‍ॅनफिल्ड आधी कुणाचं?

मर्सीसाइड डर्बी, म्हणजे इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातल्या लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन फुटबॉल क्लबांची लढत, जवळ आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं की लिव्हरपूल हा शहरातला मूळ क्लब. भाडं थकलं, त्यात धर्मावरून वाजलं, म्हणून काही जण फुटले आणि त्यांनी एव्हर्टन काढला. लाल रंग मात्र पहिल्या दिवसापासून लिव्हरपूलचाच.

मुळात क्रमच उलटा आहे. सेंट डोमिंगो चर्चच्या पोरांनी १८७८ मध्ये संघ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचं नाव एव्हर्टन झालं. १८८८ ला इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या १२ क्लबांत एव्हर्टन आहे, लिव्हरपूल नाही. असणार कुठून? त्याचा जन्मच १८९२ चा. आज लिव्हरपूलचं मैदान असलेल्या अ‍ॅनफिल्डवर आलेलं पहिलं लीग विजेतेपदसुद्धा, १८९१ चं, एव्हर्टनचं.

आता भाडं. ते थकलं म्हणून नव्हे, वाढत गेलं म्हणून बिनसलं. १८८४ पासून एव्हर्टन अ‍ॅनफिल्डवर खेळत होता. पुढे मैदानाचा मालक झाला जॉन होल्डिंग, बिअरचा कारखानदार आणि क्लबचाच अध्यक्ष. १०० पौंडांचं भाडं काही वर्षांत २५० वर गेलं. मैदानावर खाणंपिणं विकायचा हक्क त्याचा, खेळाडू कपडे बदलायचे तेही त्याच्याच सँडन हॉटेलात. वर क्लबने जमीन विकत घ्यावी हा आग्रह! क्लब वाढला त्यात होल्डिंगचा पैसा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सभासदांना हे गणित पटेना. क्लबच्या समितीतल्या जॉर्ज महॉनच्या पुढाकाराने त्यांनी बिऱ्हाड हलवलं आणि गुडिसन पार्क हे नवं मैदान उभं केलं. होल्डिंगला एव्हर्टन हे नावही हवं होतं, ते मिळालं नाही. हातात रिकामं मैदान उरलं, त्यातून लिव्हरपूल निघाला. म्हणजे कोण कुणातून फुटलं?

एव्हर्टन कॅथलिकांचा आणि लिव्हरपूल प्रोटेस्टंटांचा, ही तर हद्दच झाली. सेंट डोमिंगो मेथडिस्टांचं, म्हणजे प्रोटेस्टंटच. महॉन तिथेच ऑर्गन वाजवायचा. राजकारण आणि दारू मात्र या भांडणात नक्की होती: होल्डिंग कॉन्झर्व्हेटिव्ह दारूवाला, तर महॉनच्या गोटात लिबरल आणि दारूबंदीवाले बरेच.

राहिला रंग. लिव्हरपूलचे पहिले शर्ट निळे-पांढरे होते, लाल आला १८९६ मध्ये. एव्हर्टनने तर त्याआधी काळ्या शर्टावर लाल पट्टा मिरवला होता.